गाडीतला माठ

ऐन वैशाखात सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं त्यांना. म्हणून गाडीत गारवा हवाच, आणि नेमका तेव्हाच आमचा ए.सी. रुसला! वीस मिनिटं छान गार, मग नुसती गरम हवा. सिग्नलला आईंना पुठ्ठ्यानं वारा घालताना माझा जीव अर्धा व्हायचा.

एका गॅरेजवाल्यानं सांगून टाकलं, "कॉम्प्रेसर गेला." आकडा ऐकून हे गप्पच झाले. मला मात्र राहून राहून वाटे, हॉस्पिटलबाहेर चार तास गाडी उभी राहिली की येताना ए.सी. पुन्हा गार कसा? गेलेली वस्तू अशी परत येते होय?

नाना पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींना हे सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, कॉम्प्रेसर नका बदलू. व्हॉल्व्हात बर्फ धरतोय."

मी बी. ए. मराठीची. व्हॉल्व्ह ठाऊक तो कुकरचा! पण त्यांनी समजावलं ते पटलं. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, पुढच्या जाळीत तो निवून पातळ होतो. हा द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटला की दाब एकदम उतरतो. कुकरात दाब वाढला की पाणी १०० अंशांच्या वर उकळतं ना, त्याच्या उलट. बऱ्याच गाड्यांतला १३४-ए हा गॅस मोकळ्या हवेत उणे २६ अंशांलाच उकळतो! त्यासाठी लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. आपल्या माठाचंच तत्त्व. गॅस आतल्या जाळीतून बाहेर पडताना किती गरम आहे, त्यावरून व्हॉल्व्ह भोक लहानमोठं करतो. दुधाकडे बघत आपण शेगडी कमीजास्त करतो ना, तसं.

मागे एक नळी बदलली, तेव्हा आतली हवा नीट काढलीच नव्हती. तिच्यातली ओल त्या भोकाशी गोठायची, वाट बुजायची. गाडी थांबली की बर्फ वितळे, वाट मोकळी!

मिस्त्रींनी ओल शोषणारी ड्रायरची डबी बदलली, पंपानं नळ्यांतली हवा खेचून काढली आणि गॅस वजन करून भरला. तुम्हीही भरताना हे दोन्ही विचाराच. नुसता "गॅस मारून" घेऊ नका.

कॉम्प्रेसर अजून जुनाच आहे. परवा येताना आई म्हणाल्या, "अगं, जरा कमी कर. कान गार पडले माझे."