एकसष्टावे घर

यॉर्कशायरमधले हॅलिफॅक्स हे जुन्या लोकर-गिरण्यांचे गाव. कापडाच्या व्यापारासाठी १७७९ साली उघडलेला इथला प्रशस्त ‘पीस हॉल’ पाहून झाला की प्रवासी पुढच्या गाडीला लागतात. मी मात्र मुलाकडे तीन महिने मुक्कामाला होतो. मंडळी सकाळी कामावर गेली की दिवसभर बोलायला कोणी नाही, आणि बाहेर पाऊस! अशाच एका गुरुवारी कोपऱ्यावरच्या पबमध्ये लेमोनेड घेऊन बसलो होतो. शेजारच्या टेबलावरचे म्हातारबाबा म्हणाले, “डॉमिनो येतो का? आम्हाला चौथा गडी हवाय.”

लहानपणचा ठिपक्यांचा खेळ, असे समजून मी बेधडक ‘हो’ म्हटले. पण इथे चालतो तो ‘फाइव्हज् अँड थ्रीज्’, म्हणजे पाच-तीनचा डाव. अठ्ठावीस सोंगट्या पालथ्या घालून खळखळ घुसळायच्या. चौघांनी सहा-सहा उचलायच्या. उरलेल्या चार तशाच पालथ्या. समोरासमोरचे दोघे भिडू. ठिपक्याला ठिपका जुळवायचा, हे आपल्यासारखेच. पण प्रत्येक खेळीनंतर साखळीच्या दोन्ही टोकांची बेरीज करायची. तिला तिनाने भाग गेला तर भागाकाराइतके गुण. पाचाने गेला तरी तसेच. नवाला तीन गुण, दहाला दोन. पंधराला दोन्हींनी भाग जातो, म्हणून पाच नि तीन मिळून आठ! याहून मोठी कमाई नाही. जोडसोंगटी आडवी लावतात आणि ती टोकाला असेपर्यंत तिचे सगळे ठिपके मोजतात. लावण्याजोगे काहीच नसेल तर टेबलावर टकटक करून गप्प बसायचे.

गुण मांडायला भोके पाडलेली लाकडी फळी असते. तिच्यावर खुंट्या सरकवत एकसष्ट गाठायचे, पण नेमके! एक जरी गुण जास्त झाला तरी ती खेळी फुकट. आपल्याकडे एकसष्टी साजरी करायला नुसते वय पुरते. इथे हिशेबही लागतो.

उतारीचा मान मला मिळाला. मी ऐटीत सहा-सहाची जोड टाकली. बारा, म्हणजे चार गुण! पुढच्या गड्याने शांतपणे सहा-तीन लावली. बारा नि तीन पंधरा, त्याचे आठ! माझे भिडू बाबा काही बोलले नाहीत. फक्त घोटभर बिअर प्याले.

हळूहळू कळले, की मी बसलो होतो ती खुर्ची त्यांच्या गिरणीतल्या सोबत्याची. तीस वर्षे दोघे भिडू होते. वसंतात तो गेला, तेव्हापासून डाव मांडलाच नव्हता.

त्यानंतर मी जपून खेळलो. पाठ केलेले पाढे असे परमुलखात उपयोगी पडले! शेवटी आम्ही एकोणसाठावर आलो. टोकांना चार आणि तीन. माझ्या हातात दोन सोंगट्या : तीन-पाच आणि तीन-दोन. सवयीने बोटे मोठीकडे गेली. चार नि पाच नऊ, तीन गुण... म्हणजे बासष्ट! हात आखडता घेतला आणि तीन-दोन लावली. चार नि दोन सहा; दोन गुण.

बाबांनी खुंटी एकसष्टाव्या घरात बसवली. फळी पुसून ठेवली. मग कोट चढवताना मागे न बघताच म्हणाले,

“पुढच्या गुरुवारी, सात वाजता. उशीर करू नका.”