भाच्याच्या गाडीला थंड हवा कशी दिली, अन् ट्रॅक्टरवाल्यांनी त्यातून काय घ्यावं

आपण इथं तूर, कपाशी, बोंडअळी, फवारणी याच गोष्टी बोलतो. आज जरा गाडीचं लिहितो. पण पूर्ण वाचा, कारण यातलं निम्मं आपल्या ट्रॅक्टरच्या कामाचं आहे.

माझा भाचा चाकणला कंपनीत आहे. त्यानं साठवलेल्या पैशातून एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. इंजिन १.६ लिटरचं, टर्बो नाही, ताकद १०० एचपीच्या आसपास, पण पळायला अशी तेज की बसणाऱ्याची पाठ सीटला चिकटते. तिची कंपनी आता भारतात गाड्या बनवत नाही. म्हणजे इंजिनचं काम निघालं तर पार्टं शोधत फिरावं लागते, अन् नाही मिळाले तर एवढी गाडी कोंबड्यांना बसायला. मे महिन्यात आठ दिवस लोहाऱ्याला आला तो डोक्यात एकच घेऊन आला, कोल्ड एअर इंटेक.

हे काय असते ते साध्या भाषेत सांगतो. बॉनेटखाली रेडिएटर, सायलेन्सरचा मॅनिफोल्ड, सगळं तापलेलं असते. इंजिनने तिथलीच हवा ओढली तर ती गरम अन् पातळ असते. बाहेरची गार हवा नळीने थेट फिल्टरपर्यंत आणून दिली तर त्याच सिलेंडरमध्ये जास्त हवा मावते. पेट्रोल इंजिनचा कॉम्प्युटर सेन्सरवरून हवेचा हिशोब करते अन् त्या मानानं पेट्रोल सोडते, म्हणून थोडी ताकद वाढते. हवा फार गरम असली तर तोच कॉम्प्युटर इंजिन ठोकू नये म्हणून ठिणगी मागे घेते, तिथंही ताकद जाते. शर्यतीवाले हे फार वर्षांपासून करत आले. उलट्या बाजूनं पाहा, जुन्या कार्बोरेटरच्या काही गाड्यांच्या एअर क्लीनरवर उन्हाळा-हिवाळा असा खटका असायचा, थंडीत मुद्दाम गरम हवा द्यायला. म्हणजे हवेच्या तापमानाचं महत्त्व काही आजचं नाही.

पण बाजारात जे किट मिळते त्यात कंपनीचा बंद डबा काढून फेकतात. त्याजागी चकचकीत पाइप अन् टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर. मोबाइलवर दाखवत भाचा म्हणाला, "मामा, तुमी फक्त पाइपाचं वेल्डिंग करून द्या, बाकी मी करतो. आवाज ऐका कसा येते!"

मी म्हटलं, "बाबू, हा उघडा फिल्टर बसणार कुठं?"

"इथंच, डब्याच्या जागी."

"म्हणजे इंजिनच्या बाजूलेच. मंग तो गरमच हवा ओढन ना! नाव कोल्ड अन् काम हॉट?"

त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. मी त्याला एकच अट घातली. फिल्टरच्या अलीकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला, काय करायचं ते कर. फिल्टर अन् इंजिनच्या मधात हात लावायचा नाही, अन् कंपनीचा बंद डबा काढायचा नाही.

ही अट काहून, ते आकड्यात सांगतो. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा भरते. आपलं साधारण २.७ लिटरचं तीन सिलेंडर ट्रॅक्टर इंजिन २००० आरपीएमवर मिनिटाला १००० वेळा हवा भरते. पूर्ण भरली तर २७०० लिटर. तेवढी भरत नाही, ८५ टक्के धरा. तरी मिनिटाला २३०० लिटर, अन् तासाला १ लाख ३८ हजार लिटर. वजनात दीडशे किलोच्या आसपास. तासाला चार-पाच लिटर डिझेल जाते त्याचा आपण डायरीत हिशोब ठेवतो, भाव वाढला की ओरडतो. दीडशे किलो हवा कुठून येते, कशी येते, तिकडं कोणी पाहत नाही.

अन् आपल्याकडची हवा म्हणजे मुरमाची धूळ, काळ्या मातीचा फुफाटा, कुटार, कपाशीचं तूस. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, लायनरला पॉलिश पेपरसारखे घासणारे. डोळ्याला दिसतात त्यांचं एवढं भेव नाही. दहा-वीस मायक्रॉनचे, न दिसणारे कण ऑइलच्या थरात घुसून रिंग अन् लायनर खातात. उघड्या शंकूच्या फिल्टरला धूळ आधी खाली पाडणारा डबा नसतो. काहींना वरून तेल लावावं लागते. ते जास्त झालं की हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसते. शर्यतीच्या ट्रॅकवर ठीक आहे. दारव्हा रोडवर, ट्रकच्या मागे धुळीत, माझा तरी भरोसा नाही.

तर बनवलं काय? कंपनीचा डबा, आतला कागदी फिल्टर, तिथून इंजिनपर्यंतची रबरी नळी, सगळं जसंच्या तसं. फक्त डब्याच्या तोंडाला नवी नळी जोडून ती पुढं जाळीपर्यंत नेली.

पोट्ट्याला पीव्हीसी पाइप वापरायचा होता, कारण व्हिडिओत सगळे तोच वापरतात. पीव्हीसी ऐंशी डिग्रीच्या आसपास नरम पडते, अन् मॅनिफोल्डजवळ उन्हाळ्यात तेवढी गरमी सहज होते. माझ्या शेडमध्ये स्प्रिंकलरचे ७५ एमएमचे एचडीपीईचे तुकडे होते, पण ते ताठ, वळत नाहीत. शेवटी भंगारवाल्याकडून ट्रकच्या एअर क्लीनरचा तार गुंफलेला रबरी होज आणला, आतून ७५ एमएम. आतून धुतला, उन्हात वाळवला, टॉर्च लावून चीर पाहिली. तार असलेलाच होज पाहिजे. साधा रबर ओढीनं पोटात जातो अन् हवा अडते.

व्यासाचं लक्षात ठेवा. ७५ एमएमच्या नळीचं तोंड ४४ चौरस सेंटिमीटर, ६३ एमएमचं ३१. दिसायला थोडाच फरक, पण जागा तीस टक्के कमी. मूळ तोंडापेक्षा बारीक नळी कधीच लावू नका. वळण गोल अन् लांब ठेवा, काटकोनी एल्बो नको. हवा पाण्यासारखीच असते, मोटरच्या पाइपलाइनला चार एल्बो लावले की धार कमी होते, तसंच इथं.

पुढचं तोंड पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं केलं, समोरून रुंद, मागे गोल निमुळतं. तोंडाला धान्य चाळायच्या चाळणीची जाळी, पाला अन् फुलपाखरं अडवायला. जाळीची तार जागा खाते म्हणून तोंड नळीच्या दुपटीहून मोठं ठेवलं. डबा अन् इंजिनच्या मधात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उभा केला, मॅनिफोल्डची झळ अडवायला. जोडांवर होज क्लिप. पत्र्याच्या कडा वाकवून घेतल्या, नाहीतर धार थरथरून होज कापते. सगळा खर्च हजार रुपयांच्या आत, चहा धरून.

आता पाणी. यावर आमचं दुपारभर वाजलं. भाच्याला तोंड खाली बंपरच्या मागे पाहिजे होतं, तिथं हवा सगळ्यात गार असते म्हणून. हवा गार असते हे खरं. पण २०२३ च्या जुलैत यवतमाळात अन् महागावकडे कसा पूर आला होता ते आपण पाहिलं. नाल्याच्या रपट्यावर गुडघाभर पाणी तर दरसाल असते. बंपरखालच्या नळीनं पाणी ओढलं की ते सिलेंडरमध्ये जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर येताना अडतो अन् कनेक्टिंग रॉड वाकतो. खेळ खलास. म्हणून तोंड रेडिएटरच्या वरच्या काठाला ठेवलं. पावसाचे थेंब आले तरी उतरून जावे म्हणून नळीच्या सगळ्यात खालच्या जागी सहा एमएमचं छिद्र पाडलं. तो कुरकुरला, पण नाल्याचं नाव काढल्यावर गप्प झाला.

माप घ्यायला माझा गांडूळ खताच्या बेडमध्ये खुपसायचा थर्मामीटर. आधी तो धुऊन घेतला, भाच्याला वास सहन होत नव्हता. त्याचं टोक डब्याच्या तोंडाशी बांधलं. बाहेर ४२ डिग्री. आधी गाडी उभी ठेवून दहा मिनिटं चालू, तेव्हा डब्यात जाणारी हवा ६३. नळी बसवल्यावर तसंच केलं तर ४७. दारव्हा रोडवर साठ-सत्तरच्या वेगात आधी ४९, नंतर ४४.

याचा हिशोब शाळेतल्या विज्ञानाचा आहे, तापमानात २७३ मिळवायचे अन् भागायचं. उभ्या गाडीत हवा पाच टक्क्यांनी घट्ट झाली. चालत्या गाडीत दीड टक्का. १०० एचपीच्या गाडीत दीड टक्का म्हणजे कागदावर दीड एचपी. ती पाठीला कळत नाही. गर्दीतून निघताना, घाटात हळू चालताना फरक जाणवतो, सुसाट रोडवर नाही. कोणी सांगत असेल की पाइप बदलून दहा एचपी वाढते, तर साध्या गाडीसाठी मी तरी ते मानत नाही. टर्बोच्या गाडीत इंटरकूलर हवा गार करतोच, तिथं तर आणखी कमी.

भाचा जरा उतरला. आवाजही आला नाही, बंद डबा असल्यानं. पण दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या गर्दीत फिरून आला अन् म्हणाला, "मामा, पयल्यापेक्षा मोकळी उचलते." उघड्या फिल्टरचं किट त्यानं मागवलं नाही, माझ्यासाठी तेवढं पुष्कळ. कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदलाला बंधनं आहेत, अन् वॉरंटीतल्या गाडीला तर हातच लावू नका. आमची नळी चार क्लिप सोडल्या की निघते, खाली मूळ गाडी तशीच आहे.

आता ट्रॅक्टर. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची ताकद साध्या हवेत अन् गरम हवेत वेगळी मोजलेली असते. गरम म्हणजे ४३ डिग्रीच्या आसपास, आपला मे महिनाच. ट्रॅक्टर घेण्याआधी तो गरम हवेतला आकडा पाहत जा, तो बहुतेक कमीच असतो. पण बिनटर्बोच्या डिझेलला गार हवा दिली म्हणून ताकद पेट्रोलसारखी वाढत नाही, कारण डिझेल किती सोडायचं ते पंप ठरवते. फायदा होतो तो लोडवर काळा धूर कमी व्हायचा. ट्रॅक्टरला गार हवेपेक्षा स्वच्छ हवा पाहिजे.

आमच्या भागात एका जणाचा ट्रॅक्टर तिसऱ्या वर्षी ऑइल खायला लागला, ब्रीदरमधून धूर. फिल्टर नवा, ऑइल वेळेवर. मिस्त्रीनं खोललं तर रिंगा गेलेल्या, लायनर घासलेले. कारण निघालं फिल्टर अन् इंजिनच्या मधल्या रबरी बेंडला खालून बोटभर चीर. वरून दिसतच नव्हती. दोन हंगाम थ्रेशरची धूळ फिल्टरला चुकवून सरळ आत गेली. त्या एका बेंडपायी इंजिनचं काम निघालं, अन् ऐन तुरीत ट्रॅक्टर उभा. बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही.

म्हणून या तुरीच्या मळणीला मी आमच्या ट्रॅक्टरचं प्रीक्लीनर तीन फूट वर नेतो आहे, त्याच ७५ एमएमच्या स्प्रिंकलर पाइपानं. इथं सरळ उभा पाइप पाहिजे म्हणून एचडीपीई चालते, फक्त सायलेन्सरपासून हातभर दूर. वर पावसाची टोपी, मधात एक आधार, नाहीतर थरथरून जोड ढिला होते. ट्रॅक्टर वाऱ्याच्या अंगाला लावा, कुटार पलीकडे उडालं पाहिजे. ऑइलबाथ असेल तर मळणीच्या दिवसात रोज वाटी पाहा, खाली गाळ बसला की ऑइल बदला अन् खुणेच्या वर भरू नका, जास्त झालं तर इंजिन ते ओढते. ड्राय फिल्टर असेल तर आतून बाहेर हवा मारा, दोन किलोच्या वर दाब नको, अन् आतला छोटा सेफ्टी फिल्टर झटकू नका, तो बदलायचाच असतो.

चीर शोधायची सोपी रीत आहे. ट्रॅक्टर न्यूट्रलला, रेस कमी. प्रीक्लीनर काढून पाइपाच्या तोंडावर सपाट लाकडी फळी दाबून धरा, हात नाही. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालतच राहिलं तर कुठून तरी चोरून हवा घेत आहे. मंग बेंडच्या खाली बोट फिरवून पाहा.