शिवाजी पार्कचे फेरे

मुंबईला गेलेला आपल्याकडचा माणूस राणीची बाग, गेटवे आणि सिद्धिविनायक करून परत येतो. शिवाजी पार्क पाहायला मुद्दाम कोणी जात नाही. पण वाचकहो, तुमच्या घरात कुणावर आतल्या कानाच्या नसेच्या गाठीसाठी किरणांचे उपचार झाले असतील, तर परतीची गाडी धरण्यापूर्वी चार दिवस दादरला काढा. मी मेहुण्यांच्या खोलीवर पंधरा दिवस राहिलो, म्हणून सांगतो.

ही गाठ कॅन्सरची नव्हे. तोल सांभाळणाऱ्या नसेच्या वेष्टनावर ती होते आणि हळूहळू वाढते. स्वीडनच्या डॉ. लार्स लेक्सेल यांनी कवटी न उघडता किरणांनी उपचार करण्याची कल्पना १९५१ साली मांडली. १९६८ साली स्टॉकहोमला गॅमा नाइफ हे यंत्र सुरू झाले. नावात सुरी असली तरी चिरफाड नाही. अनेक बारीक किरण निरनिराळ्या दिशांनी येऊन नेमके गाठीवर मिळतात. काम बहुधा एका दिवसात आटोपते. अंगात किरण उरत नाहीत. नातवंडाला खुशाल मांडीवर घ्यावे.

दादरच्या फुलबाजारात पहिली परीक्षा होते. एक कान गेला की आवाज आला एवढे कळते, कुठून आला ते कळत नाही. हॉर्न डावीकडे वाजे आणि मी उजवीकडे पाही. सोबत्याने चांगल्या कानाकडून बोलावे आणि रस्ता ओलांडताना सरळ दंड धरावा. लाजू नये.

पार्कात आलात की जीव थाऱ्यावर येतो. हे मैदान १९२५ साली महापालिकेने केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क. शिवरायांच्या जन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त, अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने, १९२७ साली ते बदलले. भोवतीचा फेरा किलोमीटरहून थोडा जास्त. वाट सपाट, डोक्यावर झाडांची सावली, आणि तोल गेला की टेकायला कट्टा हाताशी. पहिल्या दिवशी अर्धा फेरा झाला, आठव्या दिवशी दोन.

चालायचे कशासाठी? माणसाचा तोल डोळे, पायांची जाणीव आणि आतले कान या तिघांवर उभा असतो. एक कान लंगडा झाला की उरलेल्यांवर भागवायला मेंदू शिकतो. पण अंथरुणात पडून तो शिकत नाही. चक्करेच्या गोळ्याही डॉक्टरांना न विचारता महिनोन् महिने चालू ठेवू नयेत. त्यांनी हे शिकणे लांबते.

घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. गाठ नाहीशी होईलच असे नाही. तिची वाढ थांबवायची असते. ("मग एवढा पैसा कशाला घातला?" असे आमच्या आत्याबाई अजून विचारतात.) उलट पहिल्या वर्ष-दीड वर्षात ती सुजून मोठी दिसू शकते. कान पुढेही मंद होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला एमआरआय चुकवायचा नाही. तोंड एका बाजूला वाकले, डोळा मिटेना, डोके फार दुखून ओकाऱ्या होऊ लागल्या, तर तारखेची वाट पाहू नये.

पार्काच्या मागेच समुद्र. संध्याकाळी वाळूवर बरा चाललो. अंधार पडला आणि त्याच वाळूवर झिंगल्यासारखा हेलपाटू लागलो; लोकांनी काय समजायचे ते समजून घेतले असेल! डोळ्यांचा आधार गेला, पायाखाली भुसभुशीत. आपल्याकडे रात्रीच्या विजेवर ओल्या सरीत दारे धरणे म्हणजे हेच की. तिथेच मेहुण्यांना म्हणालो, गव्हाची रात्रपाळी यंदा धाकट्याकडे.

विहिरीतले पोहणेही बंद. बुडी मारल्यावर वर कुठे आणि खाली कुठे हे कळेनासे होऊ शकते, असे डॉक्टरांनी बजावले आहे. ट्रॅक्टर त्यांनी परवानगी दिल्यावरच. आमच्या विहिरीला कठडा नव्हता; विटा येऊन पडल्या आहेत, गवंडी सोमवारी यायचा आहे.