दोन गाड्या, दोन थाट

मंडळी, यावेळी विषय गाड्यांचा! जन्म सायकलवर आणि एस.टी.त काढलेल्या मास्तराने आलिशान गाड्यांवर लिहावं याचं हसू येईल. पण कारण घरातलंच आहे, सांगतो.

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळी रोल्स-रॉईस ठेवलेली आहे. 1912 ची सिल्व्हर घोस्ट. सहा सिलिंडर, सात लिटरहून मोठं इंजिन, आणि आवाज इतका कमी की नावच 'भूत' पडलं! मागे सिंहासनासारखी उंच बैठक. पण सुरू करायला पुढे हँडल मारायचं, आणि पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत. सेल्फ-स्टार्टर या गाड्यांना 1919 मध्ये आला. म्हणजे थाट राजाचा, घाम नोकराचा.

आपला बीड जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्याच राज्यात होता. आमचे आजोबा हाली सिक्क्यात शेतसारा भरायचे. त्यामुळे ती गाडी बघताना मला उगीच वाटलं, की हिच्या एखाद्या खिळ्यात आपलाही वाटा असेल. पण ती पळाली फार थोडी. समारंभाला निघायची, परत झाकून ठेवायची.

दुसरी गाडी आमच्या थोरल्या दादांची कॉन्टेसा. हिंदुस्थान मोटर्सने 1984 मध्ये आणली. साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा, तिकडे बंद पडलेल्या मॉडेलचा. सुरुवातीला अँबॅसडरचंच दीड लिटरचं इंजिन बसवलं होतं. अंगापिंडाने पैलवान आणि दम पोरसवदा. पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे तिला रूप शोभलं. दादांची ती नंतरचीच. 2002 मध्ये उत्पादन थांबलं.

रोल्स-रॉईसपुढे कॉन्टेसा काय? कारागिरीत काहीच नाही. पत्रा जाड, पण फटी इतक्या की मांजरसुंब्याचा घाट चढेपर्यंत धूळ आत. पण ही गाडी सेल्फवर एका किल्लीत सुरू व्हायची, आणि रात्री-अपरात्री व्हायची. गल्लीतल्या तीन पोरींच्या वराती हिच्यातून निघाल्या. अडलेल्या बाया हिच्यातून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पोचल्या. दादांनी डिझेल-पेट्रोलचे पैसे कधी कुणाकडे मागितले नाहीत. मागच्या सीटवर कोण बसलं, यावर गाडीचा मोठेपणा ठरत असेल, तर मी कॉन्टेसाला झुकतं माप देईन.

आता मुद्दा. दादा गेले, गाडी अंगणात उभी आहे. पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच संपली. फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, ते झालेलं नाही. पुण्याचा पुतण्या म्हणतो, आठवण म्हणून झाकून ठेवू. धाकटा म्हणतो, भंगारात द्या.

मला दोन्ही पटत नाही. झाकून ठेवली की ती निजामाची गाडी होणार, फक्त संग्रहालयाविना! उंदीर वायरी कुरतडतील, एवढंच. आणि भंगारात देववत नाही. आपल्या मेकॅनिकने ती वीस वर्षं सांभाळली. कागद करून चालवीन म्हणतो. त्याला द्यावी, फुकटात. दादांनी हेच केलं असतं.

वहिनी, शेवटचा शब्द तुमचाच. बाकीच्यांनीही मोकळेपणी कळवा, पण भांडू नका रे बाबांनो. असो.