कानांनी खेळायचा गेम

पाइप उगारून एक माणूस अंगावर धावून येतो आणि मारता मारता माफी मागतो. पळून जा, असंही सांगतो. एका परजीवी जीवाने त्याचं शरीर बळकावलंय, पण आतला माणूस अजून पुरता मेलेला नाही. ‘सिस्टिम शॉक २’मधला हा सगळ्यात किरकोळ शत्रू. ऑगस्ट १९९९मध्ये आलेल्या या गेममध्ये त्याचा चेहरा म्हणजे तासून ठेवलेलं लाकूड वाटतं. आवाज मात्र आजही अंगावर काटा आणतो.

गेमच्या ध्वनीवर काम करणाऱ्या माझ्यासारख्याला या विसंगतीचं कुतूहल वाटतं. भीती इतकी पक्की आणि चित्र इतकं कच्चं, हे एकाच गेममध्ये कसं? माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे: गेमचं इंजिन.

पहिला ‘सिस्टिम शॉक’ लुकिंग ग्लास कंपनीने १९९४मध्ये काढला होता. तिथूनच बाहेर पडलेल्या केन लेव्हिन, जोनाथन चे आणि रॉबर्ट फर्मियर यांनी १९९७मध्ये इरॅशनल गेम्स सुरू केली आणि जुन्या कंपनीच्याच साथीने दुसरा भाग केला. साल २११४. ‘व्हॉन ब्राउन’ या अंतराळयानावर एक सैनिक शीतनिद्रेतून जागा होतो. स्मृती पुसलेली, आजूबाजूला प्रेतं, आणि कानात जॅनिस पोलिटो नावाच्या शास्त्रज्ञ बाईंच्या सूचना.

या गेमखालचं डार्क इंजिन मुळात ‘थीफ’ या चोराच्या गेमसाठी लिहिलेलं. चोराला पावलं ऐकू आली पाहिजेत आणि पहारेकऱ्याला चोराची. त्यामुळे या इंजिनात आवाज भिंतीतून आरपार जात नाही; खोल्या-दारांच्या वाटेने वळणं घेत कानापर्यंत येतो. शेजारच्या दालनात कोणी पुटपुटत असेल तर ते कुठल्या दाराकडून येतंय, हे कळतं. खेळाडू वस्तूंची यादी उघडून बसला तरी वेळ थांबत नाही. बंदुकीच्या गोळ्या मोजता मोजता मागून पावलं वाजू लागतात. एरिक ब्रोसियस यांच्या ध्वनियोजनेची खरी ताकद इथे दिसते. शोडॅन या उन्मत्त संगणकाचा तुटक, अडखळता, सूर बदलणारा आवाज त्यांच्या पत्नी टेरी ब्रोसियस यांचा.

संगीताबद्दल मात्र माझी तक्रार आहे. सुरुवातीच्या मजल्यांवर ढोल बडवल्यासारखं द्रुत इलेक्ट्रॉनिक संगीत वाजतं आणि जपून रचलेली शांतता उधळून लावतं. अनेक खेळाडू ते सरळ बंद करून टाकतात.

आता दुसरी बाजू, कच्च्या चित्राची. काम सुरू झालं तेव्हा हे इंजिन अजून घडतच होतं. नोव्हेंबर १९९८मध्ये ‘हाफ-लाइफ’ हा गेम येऊन गेला होता. त्याच्या शेजारी ‘शॉक’ची कोनाकोनांची माणसं जन्मतःच म्हातारी दिसली. जिवंत माणसाशी समोरासमोर बोलणं दाखवणं तर आवाक्याबाहेरचंच. पण पहिल्या भागाने यावर तोड काढून ठेवली होती: माणसं मेलेली, मागे राहिल्या त्यांच्या ध्वनिनोंदी. दुसऱ्या भागाने ती युक्ती आणखी पुढे नेली. अख्खं यान कसं बुडालं, हे मेलेल्यांच्या तोंडून तुकड्या-तुकड्यांनी समजतं. एवढंच नव्हे, गेमचा सर्वांत मोठा धक्काही कानात बोलणाऱ्या बाईच्या आवाजावरच उभा आहे. तो इथे फोडत नाही.

काही दोषांना मात्र अशी सबब नाही. बंदुका इतक्या भराभर झिजतात की लष्करी शस्त्र आहे की जत्रेतलं खेळणं, असा प्रश्न पडावा. टंचाईने भीती वाढते हे खरं. पण ऐन झटापटीत बंदूक निकामी झाली की भीती जाते आणि चीड येते. पुढे पॅच काढून ही झीज कमी करण्याची सोय द्यावी लागली. शेवटचे टप्पे घाईघाईत उरकल्यासारखे वाटतात. समारोपाच्या चित्रफितीत नायक एका शब्दात शोडॅनची ऑफर धुडकावतो आणि वीस तासांचा ताण क्षणात विनोदी होतो.

मे २०००मध्ये लुकिंग ग्लास बंद पडली. हक्क विमा कंपनीकडे अडकले आणि गेम दुकानांतून दिसेनासा झाला. ज्यांच्याकडे जुनी सीडी होती त्यांची वेगळीच पंचाईत: एकाहून अधिक कोअरचे प्रोसेसर आले तसं इंजिन कोसळू लागलं. गेमला जबरदस्तीने एकाच कोअरवर बसवणं, हा तेव्हाचा घरगुती उपाय. २०१२मध्ये एका निनावी प्रोग्रॅमरने इंजिनाची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली आणि हे दुखणं संपवलं. नाइटडाइव्ह स्टुडिओजने हक्कांचा गुंता सोडवून फेब्रुवारी २०१३मध्ये गेम पुन्हा विक्रीला आणला. जून २०२५मध्ये त्यांचीच नव्याने घासूनपुसून काढलेली आवृत्ती आली. तिच्यात चेहरे सुधारलेत.

पहिल्यांदाच खेळणार असाल तर हीच आवृत्ती घ्या. सुरुवातीचे थोडे गुण शस्त्रांच्या देखभालीवर खर्च करा, संगीताचा आवाज खाली आणा आणि हेडफोन लावल्याशिवाय यानात पाऊल टाकू नका.