एक वाजताचं जेवण

मित्रांनो, तुमचा एखादा जिवलग दोस्त शाळा सोडून दुसऱ्या गावी गेलाय का? मग ही गोष्ट तुम्हाला लगेच कळेल.

साल १९९४. मी सातवीत होतो. पहिलीपासून माझ्याच बाकावर बसणारा बंड्या त्या जूनमध्ये पाचगणीला वसतिगृहात राहून शिकायला गेला. सप्टेंबरात त्याचं पत्र आलं : 'रविवारी अकरा ते चार बाहेर जायची परवानगी मिळालीय. एक वाजता जेवायला या. माझ्या खोलीतला नवा मित्रही आपल्याबरोबर असेल. काकूंना पुरणपोळ्या आणायला सांग!'

पुण्याहून पाचगणी साधारण शंभर किलोमीटर. बाबांनी काकांची जुनी गाडी मागून आणली. आईने डबा बांधला. निघता निघता साडेनऊ झाले, पण वेळ पुरेसा होता.

कात्रजच्या जुन्या बोगद्यातून पलीकडे आलो आणि हिरवेगार डोंगर सुरू झाले. शिरवळच्या अलीकडे नीरा नदी लागली. "पूल ओलांडला की सातारा जिल्हा," बाबा म्हणाले. पुढे खंबाटकीचा घाट. आता साताऱ्याहून पुण्याकडे येताना बोगदा लागतो. तेव्हा मात्र दोन्हीकडची वाहनं घाटातूनच जायची. मालट्रकमागे रांगत आम्ही घाट चढलो.

सुरूर फाट्याला वाईकडे वळलो आणि मी ओरडलोच, "बाबा, थांबवा!" रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भलेमोठे वड! पारंब्यांना लोंबकळून झोके घेतले. गेली पंधरा मिनिटं.

वाईला कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. तेवढ्यात मला आठवलं, की जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. मी हट्टच धरला. तिथे नदीकाठी एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ साल कोरलंय आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीचं चित्र आहे! चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हाची ही घंटा. मी तिच्याभोवती किती फेऱ्या मारल्या, कोण जाणे. आई दोनदा म्हणाली, "अरे, बंड्या वाट पाहत असेल." मी म्हटलं, "पाहू दे की गं, पाचच मिनिटं!"

मग पसरणीचा घाट. उतारांवर सोनकीची पिवळी फुलं, खाली धोम धरणाचं भरलेलं पाणी आणि मध्येच अंगावरून जाणारं धुकं. तिथेही मी गाडी थांबवायला लावली. एकदा नाही, दोनदा.

वसतिगृहाच्या फाटकाशी पोचलो, तेव्हा सव्वादोन वाजले होते.

बंड्या फाटकापाशीच दगडावर बसला होता. इस्त्रीचे कपडे, तेल लावून चापून बसवलेले केस. शेजारी त्याचा नवा मित्र. दोघेही उपाशी! "आमचे पाहुणे येणार" म्हणून ते भोजनगृहात जेवायला गेलेच नव्हते.

मला वाटलं, आता बंड्या भांडेल. तो भांडला नाही. हळूच म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही येतच नाही. पुण्यात तुला आता दुसरा मित्र मिळाला असेल."

माझ्या घशात आवंढा आला. त्याला कळवायलाही काही मार्ग नव्हता, असं मी मनाला समजावत होतो. पण वाईच्या बाजारात एसटीडी बूथची पाटी मी स्वतः वाचली होती. वसतिगृहात फोन करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

टेबललँडवर सतरंजी टाकून आम्ही जेवलो. पोळ्या गार झाल्या होत्या, तरी दोघांनी चार-चार खाल्ल्या. बंड्याला मला अख्खं पठार फिरवायचं होतं, तिथली गुहा दाखवायची होती. त्यातलं काहीच झालं नाही. मी त्याला "चुकलं माझं" म्हटलं, तेव्हा कुठे तो हसला आणि पाठीत एक गुद्दा घातला. चार वाजता तो फाटकाच्या आत गेला.

परतताना बाबांनी पसरणी घाटात आपणहून गाडी थांबवली. संध्याकाळच्या उन्हात धोमचं पाणी सोन्यासारखं चमकत होतं. बाबा एवढंच म्हणाले, "बघ, डोंगर कुठे पळून गेलाय का?"

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो. त्या दिवशी लवकर निघालो, वाटेत कुठेही थांबलो नाही आणि अकराच्या ठोक्याला फाटकाशी हजर! गुहाही पाहिली.

तुम्हीही सुट्टीत कुणाकडे जेवायला जाल. रस्ता सुंदर असेल, तर जरूर थांबा, पण येताना. जाताना कुणीतरी उपाशी पोटी तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं असतं.