पिंग, आई आणि हळदीचं दूध

शनिवारची रात्र. अकरा वाजलेत. ऑफिसमधली निम्मी गँग कुठल्यातरी पबमध्ये, उरलेली निम्मी वेब सिरीजपुढे आडवी. आणि मी? ठाण्यातल्या आमच्या टू बीएचकेच्या मागच्या बेडरूममध्ये, डोक्याला हेडसेट अडकवून, टीव्हीवर एक निळी गाडी पळवत भल्यामोठ्या फुटबॉलला धडका देत असते. वय वर्षं चौतीस. हसा, खुशाल हसा!

गेमचं नाव रॉकेट लीग. २०२० पासून फुकट झालाय, त्यामुळे खिशाला चाट नाही. आणि माझ्या शेजारून धावणारी दुसरी गाडी चालवतो माझा धाकटा भाऊ, छोटू. हा असतो स्टुटगार्टला. हिवाळ्यात आपल्याकडे अकरा वाजले की त्याच्याकडे साडेसहा. हा पीएस फोरसुद्धा मूळचा त्याचाच. २०१५ साली पहिल्या बोनसमधून घेतलेला, जाताना माझ्या गळ्यात मारून गेला.

फोनवर आमचं बोलणं म्हणजे ‘जेवलास का?’, ‘हो’, ‘थंडी आहे?’, ‘आहे’, ‘बरं, ठेवतो’. व्हिडिओ कॉलवर तर मागे आई उभी असते, त्यामुळे साहेब एकदम शहाण्या मुलाच्या रोलमध्ये. पण हातात कंट्रोलर आणि नजर स्क्रीनवर असली ना, की हा मुलगा बोलतो! समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून असेल. लहानपणीही असाच. सहामाहीत गणितात नापास झाल्याचं त्याने मला कॅरम खेळताना सांगितलं होतं. राणीवर नेम धरता धरता.

तर जानेवारीतला एक शनिवार. आम्ही दोन गोलने मागे. अचानक तो म्हणाला, “ताई, एक सांगायचं होतं. आईला बोलू नकोस. दोन महिने झाले, मला...”

आणि खर्रर्र! त्याचा आवाज आधी रोबोटसारखा झाला, मग गायब. माझी गाडी गोलपोस्टसमोर थिजलेली. दोन मिनिटांनी पुन्हा जोडले गेलो.

“काय म्हणत होतास?”

“काही नाही गं. सोड. खेळ तू.”

रात्रभर झोप नाही. फोन करून विचारलं तर उत्तर काय येणार, ते माहीत होतंच. ‘जेवलीस का?’

सोमवारी ऑफिसात आयटी सपोर्टमधल्या देवमाणसाला गाठलं. म्हटलं, शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे, मग ही नाटकं का? त्याने शांतपणे विचारलं, “मॅडम, गेमिंगची खोली किचनला लागून आहे का?”

म्हटलं, हो. भिंतीला भिंत. का?

“आणि रात्री अकराला कोणी मायक्रोवेव्ह लावतं का?”

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. आई! रोज रात्री अकराला, न चुकता, हळदीचं दूध!

मग त्याने माझी शाळा घेतली. २०१३ मध्ये आलेल्या पहिल्या पीएस फोरला वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. त्याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह गुणगुणतो, ब्लूटूथ तिथेच, आणि अख्ख्या बिल्डिंगचे राउटरही तिथेच. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तिथे जेमतेम तीन : १, ६ आणि ११. म्हणजे आपली सकाळची लोकलच. डब्यात माणसं भरपूर आणि दारं तीन! गेमला स्पीड फारसा लागत नाही. लागतं ते हे, की प्रत्येक सिग्नल वेळेवर पोचायला हवा. एक जरी अडकला तरी बोंब.

उपाय सोप्पा : केबल. पण आमचा राउटर हॉलमध्ये, मुख्य दाराशी. तिथून मागच्या खोलीपर्यंत वायर ओढायची म्हणजे आईच्या पायात येणार. आणि भिंतीला भोक पाडायला घरमालक देणार? नाव सोडा!

“जुना राउटर पडलाय का घरी? ड्युअल बँड?”

पडला होता ना. माळ्यावर, दिवाळीच्या कंदिलाशेजारी. फायबर घेतल्यावर निवृत्त झालेला.

आयडिया अशी की या जुन्या राउटरला वायफाय वाटण्याऐवजी घ्यायला लावायचं. हॉलमधल्या राउटरकडून त्याने ५ गिगाहर्ट्झवर सिग्नल घ्यायचा आणि केबलने पीएस फोरला द्यायचा. तिथे ना मायक्रोवेव्ह, ना ती गर्दी. ५ गिगाहर्ट्झला भिंती तेवढ्या सोसत नाहीत. म्हणून त्याला बेडरूममध्ये न ठेवता पॅसेजमधल्या पुस्तकांच्या कपाटावर बसवलं आणि दाराखालून पाच मीटरची केबल आत घेतली. सगळ्याच राउटरमध्ये ही सोय नसते हं, आधी सेटिंग उघडून बघा.

रविवारी बसले. मागचं रिसेटचं बटण पिनेने दहा सेकंद दाबलं, लॅपटॉप केबलने जोडला, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं. पहिल्या फटक्यात मोड चुकीचा निवडला. घरात दोन राउटर एकमेकांच्या मागे पत्ते वाटायला बसले आणि पीएस फोरच्या टेस्टमध्ये आलं ‘नॅट टाइप ३’. म्हणजे इंटरनेट आहे, पण पार्टी चॅटवर भावाचा आवाज यायची खात्री नाही. वा रे वा! मग ब्रिजवाला क्लायंट मोड निवडला, डीएचसीपी बंद केलं, जुन्याचा पत्ता बदलून शेवटी १ ऐवजी २ केला (दोघांचा पत्ता एकच असेल तर भांडण ठरलेलं), पासवर्ड नवा टाकला. टेस्ट केली. नॅट टाइप २. झक्कास!

पण खरी परीक्षा बाकी होती.

“आई, मायक्रोवेव्ह लाव!”

“आत्ताच तर चहा झाला. काय गरम करू?”

“वाटीभर पाणी ठेव, पण लाव!”

मशीन घुंईऽऽ करत फिरत राहिलं आणि माझी निळी गाडी लोण्यासारखी पळत राहिली. आईने देवाला हात जोडले. बहुधा माझ्यासाठी.

शनिवार आला. मी काहीही विचारलं नाही. पहिली मॅच हरलो, दुसरी हरलो. तिसऱ्या मॅचला तो सहज म्हणावं तसं म्हणाला, “नोकरी गेली, ताई. नोव्हेंबरात. अख्खी टीम काढली. नवीन मिळायला मोजकेच महिने आहेत, नाहीतर परत.”

एक अक्षर तुटलं नाही. माझा मात्र हात थिजला आणि बॉल आमच्याच गोलमध्ये गेला.

“दोन महिने एकटाच बसलायस?”

“तू रागावशील वाटलं.”

“स्वतःवरच गोल केलाय मी. आता काय रागावू?”

तो हसला. खूप दिवसांनी. मग आम्ही गेम बंद केला, पण हेडसेट नाही काढले. पैसे किती उरलेत, भाडं कसं भरतोय, इंटरव्ह्यू कुठे कुठे झाले, सगळं निघालं. एवढ्यात भिंतीपलीकडे मायक्रोवेव्हची टिंग झाली आणि दुधाचा ग्लास घेऊन आई दारात.

“आई आली का?” तिकडून आवाज. “दे तिला हेडसेट. मीच सांगतो.”

आईने हेडसेट उलटा घातला, मी सुलटा केला. ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, “ते सगळं बघू रे. जेवलास का आधी?”

नोकरीचं अजून जमलेलं नाही. शनिवार मात्र एकही चुकलेला नाही. आणि हो, तुमच्या माळ्यावरचं भंगार इतक्यात देऊन टाकू नका!